खुरपे

‘मी गोल्फ खेळतो’ असे वर्गात पहिल्यांदा सांगितले, तेव्हा मित्रांनी आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिले. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. गोल्फ म्हटले, की डोळ्यांपुढे येते ती लांबलचक मोटार, पांढरी टोपी, इस्त्रीची विजार आणि मागून ओझे घेऊन चालणारा एक माणूस. एस.टी.च्या पासावर कॉलेजला येणाऱ्या, पत्र्याच्या घरात राहणाऱ्या मुलाचा या चित्राशी काय संबंध?

संबंध आहे. चित्रातला तो ओझे घेऊन चालणारा माणूस म्हणजे माझे वडील.

आमच्या गावाच्या शिवेला लागून गोल्फचे मैदान आहे आणि आमचे घर त्या मैदानावर जगते. अण्णा तीस वर्षे तिथे कॅडी आहेत. आई त्याच मैदानावर रोजंदारीने गवत खुरपते. दहावीच्या सुट्टीपासून मीही शनिवारी-रविवारी पिशवी उचलू लागलो. सोमवारी मैदान सभासदांना बंद असते. त्या दिवशी देखभालीची कामे चालतात आणि कामे नसतील त्या बाजूला कॅडींना खेळायची मुभा असते. कुणाची दांडा बदललेली काठी, कुणाचा तळ्यातून काढलेला चेंडू, कुणाचे एकाच हाताचे हातमोजे, अशा सामग्रीवर आमच्याकडची पोरे हा खेळ शिकतात. आम्हांला कुणी शिकवत नाही. आठवडाभर साहेबांच्या चुका पाहायच्या आणि सोमवारी त्या स्वतः करून बघायच्या, हीच आमची शाळा.

आईला या खेळाचे मोठे हसू येते. तिचे कारण वेगळे आहे. गोल्फच्या मैदानावर जिथे झेंडा रोवलेला असतो, त्या गुळगुळीत हिरव्या गालिच्याला ‘ग्रीन’ म्हणतात. आमच्याकडच्या ग्रीनवर जे गवत आहे ते हरळीच्या कुळातले. इंग्रजीत त्याला बर्म्युडा म्हणतात. माझ्या आजोबांच्या रानात आईने उमेदीची वर्षे हरळी खणण्यात घालवली. हरळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण. एक कांडी राहिली तरी पुन्हा रान धरते. आता तीच आई ग्रीनवर उकिडवी बसून हरळीतला लव्हाळा खुरपून काढते, कारण इथे हरळीच पीक आहे आणि बाकी सगळे तण. ‘‘जल्मभर जिला उपटली, तिलाच आता न्हाऊमाखू घालायचं,’’ असे ती म्हणते आणि हसते.

मी हे सगळे सांगतो आहे ते एका काठीची गोष्ट सांगण्यासाठी. खरे म्हणजे दोन काठ्यांची.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गोल्फमध्ये खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. त्यांतली सर्वांत लांब काठी ड्रायव्हर. तिने चेंडू दोन-अडीचशे यार्ड जातो आणि बघणाऱ्यांच्या तोंडून ‘वा!’ निघते. सर्वांत आखूड टोकाला असतात त्या वेज. वेजचे पाते मागे कललेले असते. या कलण्याला लॉफ्ट म्हणतात. पिचिंग वेजचा लॉफ्ट साधारण पंचेचाळीस-शेहेचाळीस अंश, गॅप वेजचा पन्नास-बावन्न, वाळूतून चेंडू काढायच्या सँड वेजचा चोपन्न ते छप्पन्न आणि लॉब वेजचा अठ्ठावन्न ते साठ. लॉफ्ट जितका जास्त, तितका चेंडू उंच जातो, जवळ पडतो आणि लवकर थांबतो. दोन वेजमध्ये चार ते सहा अंशांचे अंतर ठेवावे, म्हणजे मध्ये मोठी फट राहत नाही, असा जाणकारांचा सल्ला असतो. ग्रीनच्या आसपास, शंभर यार्डांच्या आत, या काठ्यांनी जो खेळ होतो त्याला ‘शॉर्ट गेम’, म्हणजे आखूड खेळ, म्हणतात.

आखूड खेळाला टाळ्या कमी पडतात. पण अमेरिकेतल्या मोठ्या दौऱ्यावरचे कसलेले व्यावसायिकसुद्धा अठरांपैकी सरासरी बाराच्या आसपास ग्रीन ठरल्या फटक्यांत गाठतात. म्हणजे जगातले उत्तम खेळाडूही दर फेरीत सहा वेळा चुकतात. मग आमच्यासारख्यांचे काय? आम्ही दहा-बारा वेळा चुकतो. चुकल्यावर काय करायचे, याचेच नाव आखूड खेळ.

अण्णांची स्वतःची अशी एकच काठी आहे. एका निवृत्त साहेबांनी जाताना दिलेली छप्पन्न अंशांची जुनी सँड वेज. तिच्यावरचा आकडा केव्हाच झिजून गेला आहे. तिचा तळ अण्णांनी कानशीने घासघासून मागच्या बाजूने बराच पातळ केला आहे. घरात तिला सगळे ‘खुरपे’ म्हणतात, आणि आईचे खरे खुरपे व अण्णांचे हे खुरपे दाराआड एकाच खुंटीला टांगलेले असते.

लहानपणी मला त्या खुरप्याची लाज वाटे. कॉलेजात आल्यावर ती वाढली. ग्रंथालयात क्रीडाविषयक पुस्तके चाळताना मी जीन सॅराझेनची हकीकत वाचली. हा इटालियन सुताराचा मुलगा, लहानपणी कॅडी होता. १९३१-३२ च्या सुमारास त्याने आपल्या जुन्या काठीच्या तळाला शिसे लावून तो जाड केला आणि मागची कड खाली उतरवली. विमानाच्या शेपटीची फळी खाली-वर होताना पाहून ही कल्पना सुचली, असे त्याने पुढे सांगितले. त्या काठीने वाळूत रुतण्याऐवजी चेंडूखालून घसरत जावे, अशी ती युक्ती. १९३२ साली इंग्लंडमध्ये सँडविचजवळच्या प्रिन्सेस मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, तेव्हा ही सँड वेज त्याच्या पिशवीत होती. आज जगातल्या प्रत्येक पिशवीत तिची पणती-खापरपणती असते.

दुसरी हकीकत जवळची. शिव शंकर प्रसाद चौरसिया, म्हणजे एस.एस.पी. चौरसिया. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात त्यांचे वडील मैदानाची निगा राखत. हा मुलगा तिथेच पाहून पाहून शिकला. २००८ साली दिल्लीत त्याने इंडियन मास्टर्स जिंकली. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. त्याचे फटके फार लांब जात नसत. त्याचा सगळा जीव ग्रीनच्या आसपासच्या खेळात.

या दोन हकीकती वाचून एखाद्या शहाण्या मुलाने काय धडा घेतला असता? जुन्या काठीवर मेहनत करावी, असा. मी काय घेतला? मला नवी काठी हवी, असा!

हे घडले मी प्रथम वर्षात असताना. एप्रिलमध्ये आमच्या मैदानावर दरवर्षी कॅडींची स्पर्धा होते. पहिले बक्षीस सात हजार रुपये. त्या वर्षी माझा खेळ बरा चालला होता. शहरातल्या एका दुकानात वापरलेल्या काठ्या विकायला ठेवलेल्या असत. तिथे मला ती दिसली. साठ अंशांची लॉब वेज, जवळजवळ नवी, पात्यावरच्या खाचा अजून धारदार. दूरदर्शनवर मी परदेशी खेळाडूंना याच काठीने चेंडू सरळ आभाळात उडवून झेंड्याशेजारी अलगद ठेवताना पाहिले होते. पात्यावर दोन आकडे कोरलेले होते, साठ आणि बारा. साठचा अर्थ मला ठाऊक होता. बाराचा अर्थ मी दुकानदाराला विचारला नाही, कारण आपल्याला तो ठाऊक नाही हे त्याला कळू नये असे वाटले.

किंमत साडेचार हजार. माझ्याजवळ पाच हजार होते. ते द्वितीय वर्षाच्या फीचे. वर्षभर पिशव्या उचलून जमवलेले, आईच्या ट्रंकेत फडक्यात बांधून ठेवलेले. मी मनाशी सरळ हिशेब मांडला. साडेचार गेले, सात आले, अडीच हजार नफा. फी जूनमध्ये भरायची, स्पर्धा एप्रिलमध्ये. गणित मी दहावीनंतर सोडले होते, पण हे गणित मला अगदी बिनचूक वाटले.

घरी कुणाला सांगितले नाही. काठी मित्राकडे ठेवली.

स्पर्धेच्या दिवशी मात्र ती लपवता येण्यासारखी नव्हती. अण्णा त्या दिवशी खेळत नव्हते. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून अलीकडे ते स्पर्धेत उतरत नाहीत. ते सावलीत उभे राहून बघत होते. मी पिशवीतून ती काठी काढली तेव्हा त्यांनी एकदाच पाहिले. काही बोलले नाहीत.

सतरा होलपर्यंत सगळे ठीक झाले. एक गडी माझ्याआधी शहात्तर फटक्यांत फेरी संपवून बसला होता. मला शेवटच्या होलवर चार लागले तर मी पंचाहत्तरवर जिंकणार होतो. पाच लागले तरी बरोबरी. दुसऱ्या फटक्याला चेंडू ग्रीनच्या उजवीकडे घरंगळला आणि थांबला तो उघड्या जमिनीवर. एप्रिलचे ऊन. ग्रीनला पाणी मिळते, भोवतालच्या जमिनीला मिळत नाही. ती जमीन वाळून टणक झाली होती. तिच्यावर जेमतेम चार काड्या. चेंडूपासून झेंडा बारा-तेरा पावले. मध्ये काही अडथळा नव्हता. बंकर नाही, झुडूप नाही, सरळ रस्ता.

अण्णा हळूच दोन पावले पुढे आले. नियमाप्रमाणे त्यांना मला सल्ला देता येत नव्हता आणि त्यांनी तो दिला नाही. त्यांनी फक्त चपलेची टाच जमिनीवर दोनदा आपटली. मला वाटले, पायाला मुंग्या आल्या असतील.

मी लॉब वेज घेतली. परदेशी खेळाडू करतात तसे पाते उघडले, म्हणजे आभाळाकडे आणखी वळवले, आणि ऐटीत फटका मारला. काठी जमिनीला लागली, फरशीवर वाटी आपटावी तशी उसळली आणि पात्याची धार चेंडूच्या बरोबर मध्यावर बसली. चेंडू गुडघाभर उंचीने सणसणत निघाला, ग्रीन ओलांडून गेला आणि पलीकडच्या नाल्यात पडला. मागे कुणीतरी हसले. दंडाचा एक फटका, पुन्हा एक चिप, मग दोन पट. चारच्या जागी सात. मी अठ्ठ्याहत्तरवर संपलो. कितवा आलो ते पाहायला थांबलो नाही.

रात्री मी आईला ट्रंकेतल्या पैशांचे सांगितले. आई काही वेळ चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मला कशाला सांगतोस? त्यास्नी सांग.’’ अण्णा दारातच बसले होते. त्यांनी सगळे ऐकले होते. मला वाटत होते, त्यांनी मारावे. निदान शिवी द्यावी. ते म्हणाले, ‘‘फी कवा भरायची हाय?’’

‘‘पंधरा जूनपर्यंत.’’

‘‘बरं.’’

एवढेच. दुसऱ्या दिवसापासून अण्णा सकाळची एक फेरी करीत ती करून संध्याकाळचीही करू लागले. एक फेरी म्हणजे खांद्यावर पिशवी घेऊन सात-आठ किलोमीटरची चाल. दोन म्हणजे पंधरा. मे महिना होता. रात्री आई त्यांच्या गुडघ्याला एरंडाची पाने शेकून बांधी. मी म्हणालो, मीही रोज येतो; तर म्हणाले, ‘‘तुजी परीक्षा हाय न्हवं? ती दे आधी.’’ परीक्षा संपल्यावर मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. आम्ही दोघे मिळून ते पैसे जूनच्या दहा तारखेपर्यंत भरून काढले. पण मे महिन्यातल्या त्या पहिल्या पंधरा दिवसांत अण्णा एकटेच चालत होते, हे मला विसरता येत नाही. त्यांच्या गुडघ्याने माझी काठी विकत घेतली होती.

पैसे भरल्यानंतरच्या सोमवारी अण्णांनी मला हाक मारली. ‘‘आण ती तुजी नवी. बघू.’’

मी मान खाली घालून काठी दिली. त्यांनी ती उलटी करून तळावरून अंगठा फिरवला आणि विचारले, ‘‘ह्यो बारा कशाचा?’’ मी गप्प. ‘‘आरं, चार हजार देताना विचारायचं तरी!’’

मग त्यांनी सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो. काठीचे पाते जमिनीवर उभे धरले, तर तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा थोडी खाली येते. या उताराला बाउन्स म्हणतात आणि तोही अंशांत मोजतात. चार-सहा अंश म्हणजे कमी, सात ते दहा मध्यम, त्यावर म्हणजे जास्त. बाउन्स जास्त असला, की काठी रुतत नाही. मऊ वाळू, ओली माती, दाट गवत अशा ठिकाणी तो तारतो. टणक जमिनीवर मात्र तोच मारतो. तळ आधी टेकतो, काठी उसळते आणि धार चेंडूच्या पोटात बसते. त्यातून पाते उघडले, तर बाउन्स आणखी वाढतो. मी एप्रिलच्या कातळासारख्या जमिनीवर बारा अंशांची काठी पाते उघडून मारली होती. चेंडू नाल्यात जाणारच होता.

‘‘म्हंजे काठी वाईट?’’ मी विचारले.

‘‘काठी ब्येस हाय. तिचा म्हैना न्हवता त्यो.’’

मग त्यांनी आपले खुरपे माझ्या हातात दिले आणि तळ दाखवला. उन्हाळ्यातल्या जमिनीसाठी त्यांनी तो वर्षानुवर्षे घासून कमी केला होता. जी झीज मला दारिद्र्याची खूण वाटत होती, तो त्यांचा अभ्यास होता. सॅराझेनने वाळूसाठी तळाला शिसे लावले. अण्णांनी मुरमासाठी तळाचे लोखंड काढले. दोघांनीही आधी आपल्या पायांखालची जमीन पाहिली होती. मी दुकानातला आरसा पाहिला होता.

‘‘टाच आपटली ती म्हून व्हय?’’ मी म्हणालो.

‘‘सांगायला बंदी व्हती,’’ अण्णा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

त्या दिवसापासून माझे खरे शिक्षण सुरू झाले. अण्णांचा पहिला नियम : जमिनीवरून जाता येत असेल तर आभाळातून जाऊ नये. मध्ये बंकर नसेल, नाला नसेल, तर चेंडू थोडासा उचलून ग्रीनच्या कडेवर टाकावा आणि उरलेले अंतर त्याला घरंगळू द्यावे. त्यासाठी लॉब वेज कशाला? आठ नंबरची आयर्नही चालते. सपाट ग्रीनवर आठ नंबरने चेंडू अदमासे एक भाग उडतो आणि तीन भाग धावतो. पिचिंग वेजने एक भाग उडतो, दोन भाग धावतो. सँड वेजने दोन्ही सारखे. काठी निवडायची ती या हिशेबाने. आधी चेंडू कुठे टेकवायचा ती जागा ठरवायची, मग उरलेले धावणे किती ते पाहायचे आणि शेवटी पिशवीत हात घालायचा. मी आजवर उलटे करीत आलो होतो. हात आधी, डोळे नंतर.

दुसरा नियम उभे राहण्याचा. पाय जवळ, भार डाव्या पायावर आणि तो शेवटपर्यंत तिथेच. चेंडू उजव्या पायाकडे, हात चेंडूच्या थोडे पुढे. मनगटे बोलकी नकोत. चेंडू उचलायचा प्रयत्न करायचा नाही. उचलण्याचे काम पात्याचा उतार करतो. नवशिक्या माणसाला वाटते, की आपण खालून खरवडल्याशिवाय चेंडू वर जाणार नाही, आणि तिथेच तो चुकतो. अण्णांनी घरामागच्या उघड्या जागेत दहा पावलांवर आपला पंचा चौघडी करून टाकला. रोज संध्याकाळी शंभर चेंडू, आणि ते पंच्यावर टेकले पाहिजेत. पुढे कुठे जातात ते बघायचे नाही. पहिल्या आठवड्यात शंभरात वीस पडले. दिवाळीपर्यंत साठ.

बंकरसाठी त्यांनी चेंडूच दिला नाही. वाळूत एक आडवी रेघ ओढली आणि ती पुसायला सांगितली. रेघेवर काठी उतरली पाहिजे आणि पुढची पसाभर वाळू बाहेर उडाली पाहिजे. ‘‘चेंडूला हात लावायचाच न्हाई. वाळू भाईर टाकायची, त्यो आपसूक येतो.’’ पंधरा दिवस मी नुसती वाळू उडवली. मग एके दिवशी त्यांनी रेघेच्या दोन बोटे पुढे चेंडू ठेवला आणि म्हणाले, ‘‘ह्यो हाय असं समजू नगंस.’’ चेंडू वाळूबरोबर उडाला आणि मऊपणे ग्रीनवर बसला. त्या आवाजाइतका गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

पण टेकवायची जागा कशी ठरवायची? ग्रीनचा उतार डोळ्यांना फसवतो. सपाट वाटते ते सपाट नसते. या बाबतीत अण्णांनीही मला दुसऱ्या गुरूकडे धाडले. ‘‘आईला इचार. ती बसून बघती, आपण हुबं ऱ्हाऊन बघतो.’’

आईने आयुष्यात काठी हातात धरलेली नाही. पण अठराही ग्रीनवरून ती वीतवीतभर सरकलेली आहे. जुलैमध्ये एका सोमवारी सर येऊन गेली, तशी तिने मला नवव्या ग्रीनवर नेले आणि म्हणाली, ‘‘आता बघ पानी कुटं जातंय.’’ ग्रीन डावीकडे उतरते अशी सगळ्या कॅडींची समजूत आहे. साहेबांना आम्ही तसेच सांगत आलो. पाणी मात्र मध्यापर्यंत डावीकडे गेले आणि तिथून वळून मागच्या नळाकडे निघाले. मी वहीत ग्रीनचा आकार काढून पाण्याची वाट बाणांनी दाखवली. त्या पावसाळ्यात अशा अठरा आकृत्या काढल्या. अर्थशास्त्राच्या वहीची मागची पाने त्यांत संपली. आमच्या प्राध्यापकांनी ती वही तपासताना ‘हे कसले नकाशे?’ असे विचारले होते. त्यांना तेव्हा उत्तर दिले नव्हते. ते इथे देतो आहे.

आणि त्याच जुलैत आणखी एक गोष्ट झाली. दोन दिवस झड लागून उघडली होती. मैदान चिंब, जमिनीत पाऊल रुतावे अशी. अण्णांनी खुरप्याने एक चेंडू मारला. पातळ तळ मातीत घुसला, चिखलाचा ढेकूळ उडाला आणि चेंडू हातभरही हलला नाही. मी हसू दाबले. अण्णांनी टाच जमिनीत दाबली, ती आत गेली, आणि माझ्याकडे हात केला. ‘‘दे तुजी बारावाली.’’

साठ अंशांची ती काठी त्यांच्या हातात गेली. त्यांनी गुडघा सांभाळत उभे राहून एक सावकाश झोका घेतला. रुंद तळ ओल्या गवतावरून घसरला. चेंडू बंकरवरून उंच गेला, क्षणभर ढगांना चिकटल्यासारखा वाटला आणि झेंड्याच्या पायाशी पडून जागीच थांबला. तीस वर्षे दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिलेल्या माणसाच्या तोंडावर मी लहान मुलाचा आनंद पाहिला. ‘‘आणखी एक मारू का?’’ त्यांनी मला विचारले. मला विचारले! त्या दिवशी त्यांनी तिसेक चेंडू मारले. आई खुरपणे थांबवून बघत होती. ‘‘पुरं आता, गुडघा दुखंल,’’ असे ती म्हणाली खरी, पण दोनदा म्हणाली नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये मी पुन्हा स्पर्धेत उतरलो. जिंकलो असे लिहायला मला फार आवडले असते. जिंकलो नाही, दोन फटक्यांनी दुसरा आलो. ड्रायव्हर दोनदा झाडीत गेला, त्याला कोण काय करणार? पण अठरांपैकी अकरा ग्रीन माझ्या चुकल्या आणि त्यांतल्या सात ठिकाणी मी एक चिप आणि एक पट यांत चेंडू आत घातला. नवव्या ग्रीनवर सगळे डावीकडे खेळले; मी आईच्या पाण्याच्या वाटेने खेळलो आणि चेंडू झेंड्यापासून वीतभर थांबला. त्या दिवशी लॉब वेज पिशवीतून एकदाही बाहेर निघाली नाही. एप्रिल होता.

दुसऱ्या बक्षिसाचे चार हजार मी अण्णांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजले, आईकडे दिले आणि आईने फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवले. ‘‘तिसऱ्या वर्साची फी,’’ ती म्हणाली. ती भरूनच मी आज या वर्गात बसतो आहे.

आता हे शेवटचे वर्ष. परवा मैदानाच्या कार्यालयातून निरोप आला, की कॅडींची नोंद ठेवायला एक शिकलेला मुलगा हवा आहे. पगार बरा आहे. इकडे सर म्हणतात, एम.ए. कर. मित्र म्हणतात, स्पर्धेत उतर, चौरसिया हो. तिन्ही काठ्या चांगल्याच आहेत. दोन वर्षांपूर्वीचा मी असतो, तर जी जास्त चमकते ती उचलून मोकळा झालो असतो.

काल संध्याकाळी अण्णांना विचारले, ‘‘काय करू?’’ ते दारात बसून खुरप्याच्या तळावर कानस फिरवीत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘मी कसं सांगू? उभा तू हाईस तितं.’’

म्हणून सध्या मी टाच आपटून पाहतो आहे.